दूरस्थ बायबल कोर्स: पुस्तकं टपालाने येतील, पण वडिलांसोबत बसणार कोण?

माळरान

नमस्कार. विषय तसा आमच्या घरातला आहे. पण मुक्त विद्यापीठातून शिकलेले, शिकवणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून मुद्दाम इथे टाकतोय.

मी जालना जिल्ह्यातला. बँकेत नोकरी आणि आमच्या पास्टोरेट कमिटीचा, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीचा, खजिनदार. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, एक आणि त्यांच्याकडे सात गावांच्या मंडळ्या (गावोगावचे चर्चचे लोक). आमच्याकडे त्यांची फेरी महिन्यातून एकदा. त्या रविवारी प्रभुभोजन, बाप्तिस्मे, भांडणं, सह्या, सगळं एका दमात उरकायचं. उरलेले रविवार वडील लोकांच्या अंगावर. आमच्या गावात हे काम तिघं बघतात: एक कोरडवाहू शेतकरी, एक एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर आणि एक अंगणवाडीताई. उपदेश तेच करतात, आजाऱ्याकडे तेच जातात, रात्री कुणाची मयत झाली तर पहिला फोन त्यांनाच. शिक्षण म्हणाल तर संडे स्कूल, तरुण संघ आणि घरातलं जुनं पवित्र शास्त्र. अलीकडे यूट्यूब. त्याबद्दल न बोललेलं बरं. मध्यंतरी आमच्याकडे एका उपदेशात अमेरिकेतल्या घरकर्जाचे हप्ते आले होते!

आता कमिटीत ठरत आलंय की यांना दूरस्थ बायबल कोर्स लावून द्यावा. फी मंडळीच्या खात्यातून, पुस्तकं टपालाने, उत्तरपत्रिका पाठवायची, प्रमाणपत्र आलं की भक्तीनंतर हार घालून फोटो. मी एकटा विरोधात आहे. शिकवायला माझी ना नाही. पुस्तक पोचलं म्हणजे शिकवून झालं, ही समजूत मला मान्य नाही. ज्याला येत्या रविवारी उभं राहून बोलायचंय त्याच्यासोबत कुणीतरी बसायला हवं, आणि तेही नेमाने. हे कसं जमवतात, कुणी जमवलंय का, ते सांगा.

अवांतर

अडाणी प्रश्न आहे, राग मानू नका. वडील म्हणजे वयस्कर माणसं का? आणि पाळक नसताना हे सगळं चालतं?

माळरान

राग कसला. वडील हे मंडळीतलं पद. वय तिशीचंही असतं, बाई असली तरी वडीलच. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन आमच्याकडे दीक्षा झालेल्या पाळकानेच द्यायचं. उपदेश, प्रार्थना, भेटीगाठी, हिशेब, तंटे मिटवणं हे वडिलांनी केलेलं चालतं. म्हणजे कामातला मोठा वाटा त्यांचाच, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र सगळा पाळकावर.

दौत-टाक

माळरान, कमिटीत एकटे असाल, पण तुमचं म्हणणं जुनं आणि तावूनसुलाखून निघालेलं आहे. मी निवृत्त आहे, बरीच वर्षं हेच शिकवलं, म्हणून जरा लांबण लावतो.

तुमच्यासारखीच अडचण ग्वातेमालात आली होती. तिथल्या प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळीची सेमिनरी, म्हणजे पाळक घडवायची शाळा, १९३८ पासून राजधानीत होती. पंचवीसेक वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा शिकून गेलेल्यांपैकी पाळकपणात टिकलेले दहाच्या आसपास निघाले. खेड्यातला पोरगा राजधानीत राहून आला की कॉफीच्या मळ्याकडे परत फिरकेना. आणि मंडळ्या ज्यांचं ऐकत होत्या ती माणसं होती चाळिशीची, बायकापोरांची, मळ्यावर राबणारी. त्यांना वसतिगृहात येऊन राहा म्हणणं म्हणजे येऊच नका म्हणण्यासारखं.

१९६२ साली सेमिनरी उचलून सान फेलिपे नावाच्या गावात नेली. तेवढ्याने भागेना. गाव जवळ आलं तरी मळा सोडायचा कुणी? मग १९६३ पासून शिक्षकच हिंडायला लागले. ठिकठिकाणी केंद्रं केली. विद्यार्थ्याने आठवडाभर घरी अभ्यास करायचा आणि केंद्रावर शिक्षक आला की त्याच्यासोबत बसायचं. हे घडवणारी माणसं राल्फ विंटर, जेम्स एमरी आणि थोडे मागून आलेले रॉस किन्सलर. विंटर मूळचे इंजिनिअर. माम आदिवासींमध्ये काम करताना पाळकांना पगाराविना पोट भरता यावं म्हणून छोटे धंदे उभे करून देण्याच्या खटपटीतही ते होते. तो भाग लोक विसरतात. माणूस हातातलं काम न सोडता शिकला तरच मंडळीला परवडतो, हे त्यांनी आधी ओळखलं होतं.

टेड वॉर्ड या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने याला कुंपणाची उपमा दिली. एक आडवी बल्ली म्हणजे घरचा अभ्यास, दुसरी म्हणजे मंडळीतलं रोजचं काम, आणि दोन्हींना धरून ठेवणारे खांब म्हणजे ठरावीक अंतराने होणाऱ्या बैठका. तुमच्या कमिटीने एक बल्ली विकत घ्यायची ठरवलंय. दुसरी तुमच्याकडे आहेच. खांबांचं अंदाजपत्रकात नाव नाही.

आपल्याकडे ही पद्धत लवकर आली. बंगळूरुची टॅफ्टी ही संस्था १९७१ ची, आणि तिचे कोर्स मराठीतही आहेत. पुस्तक घरी, बैठक गटात, हीच तिची रीत.

कोपरखळी

प्रमाणपत्राचं काय घेऊन बसलात, आमच्या भागात पाटीवर "रेव्ह. डॉ." लिहिलेले इतके झालेत की दवाखाना कुठला आणि प्रार्थनाघर कुठलं कळत नाही. पैसे भरा, तासाभराचा समारंभ, झगा भाड्याने, डॉक्टरेट हातात. दूरस्थ शिक्षण कसलं, दूरूनच नमस्कार.

माळरान

@कोपरखळी, हसलो, पण आमच्या कमिटीतल्या एकाने हेच सुचवलं होतं. "डॉक्टरच करून आणू ना" म्हणे.

पाटपाणी

सोलापूरहून लिहितेय. मी असा कोर्स गटात बसून केला आहे, म्हणून आतली गोष्ट सांगते.

बुधवारी दुपारी चर्चच्या मागच्या खोलीत आम्ही बसायचो. सगळ्या बायका आणि एक रिक्षावाले काका, कारण त्यांना दुपारीच सवड. पुस्तक असं असायचं की चार ओळी वाचायच्या, खाली प्रश्न, गाळलेली जागा भरायची, पुढे बरोबर उत्तर छापलेलं. सुरुवातीला हसू यायचं, बालवाडीत आल्यासारखं. पण सातवीनंतर पुस्तक हातात न धरलेल्या आमच्यातल्या दोघींना त्यानेच धीर आला. उत्तर जुळलं की आपल्यालाही जमतं, असं वाटायचं.

खरं शिक्षण मात्र पुस्तक मिटल्यावर. ईयोबाचा धडा चालू होता, बायबलमधला सगळं गमावलेला माणूस. त्याचे तीन मित्र येतात, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात, आणि मग तोंड उघडून सगळं बिघडवतात. पुस्तकातला प्रश्न साधा होता: मित्रांचं काय चुकलं? आमच्यात एक बाई होत्या, त्यांचा मुलगा अपघातात गेला होता. त्या कधी बोलायच्या नाहीत. त्या दिवशी म्हणाल्या, "माझ्याकडे आलेले सगळे म्हणाले देवाची इच्छा. चहा पिऊन गेले. एक शेजारीण आली आणि काही न बोलता भांडी घासून गेली. मला तीच आठवते." आमच्या गटचालक बाईंनी लगेच वचन काढून दाखवलं नाही. थांबल्या. मग हळूच विचारलं, "उद्या कुणाच्या घरी दुखवट्याला जायची वेळ आली तर आपण काय करायचं?" त्यानंतरचा तासभर आम्ही दुखवट्याच्या भेटीबद्दलच बोललो. काय बोलायचं नाही, किती वेळ बसायचं, प्रार्थना विचारून करायची का न विचारता, जेवणाचा डबा कुणी न्यायचा. आज आमच्या मंडळीत मयतीच्या घरी जायचं काम याच बायका करतात.

टपालाने आलेल्या पुस्तकात हा प्रश्न होता. ती दुपार नव्हती.

आणखी एक. सेमिनरीत जायचं तर घर सोडावं लागतं, आणि बाईला घर कोण सोडू देतं? आमच्यासारख्यांना शिकायला दुसरी वाट नव्हतीच. पंडिता रमाबाई कुठल्या सेमिनरीत गेल्या होत्या? केडगावला बसून सगळं बायबल मराठीत आणलं, मुक्तीमधल्या बायकांनी खिळे जुळवून ते छापलं. रमाबाई १९२२ ला गेल्या आणि पुस्तक १९२४ ला निघालं.

गोदाकाठ

+१. ईयोबाचा परिच्छेद आमच्या तरुण संघाच्या ग्रुपवर टाकू का?

पाटपाणी

टाका. गावाचं नाव काढून.

योता

सगळे एका सुरात बोलताहेत म्हणून जरा विरोधी सूर लावतो. मी निवासी सेमिनरीत शिकलो आणि त्याची मला लाज वाटत नाही.

बायबलातलं प्रेषित पौलाचं करिंथकरांस पत्र वाचायचं तर करिंथ कसलं शहर होतं, मूर्तीला वाहिलेल्या मांसाचा वाद नेमका काय होता, हे माहीत पाहिजे. त्याला ग्रंथालय लागतं, जाणकार शिक्षक लागतो, आणि चार वर्षं रोज एकमेकांशी भांडायला सोबती लागतात. गटात सगळेच तुमच्यासारखे असले की चूक पकडणार कोण? सगळ्यांचं अज्ञान एकत्र केलं म्हणून त्याचं ज्ञान होत नाही.

दुसरी भीती मोठी आहे. शहरातल्या मंडळीला पदवीधर पाळक आणि खेड्याला कोर्स केलेले वडील, अशी उतरंड लागेल. खेड्यातल्या मंडळ्यांत कोण माणसं आहेत हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे जातीची जुनी उतरंड नव्या कागदावर.

बाहेरून शिकायची सोय सेरामपूरनेही केलेली आहे. बंगालमधलं सेरामपूर कॉलेज १८१८ चं, पदव्या द्यायची सनद डेन्मार्कच्या राजाने १८२७ ला दिली, कारण गाव तेव्हा डॅनिश अमलाखाली होतं. आज त्याच्या सिनेटचं सेप्टर नावाचं केंद्र कोलकात्यातून सर्वसाधारण सभासदांसाठी ख्रिस्ती अध्ययनाचा डिप्लोमा आणि पदवी चालवतं. तेव्हा दूरस्थ म्हणजे हलकं, असं मी म्हणत नाही. पण स्वस्तात उरकायला दूरस्थ शोधू नका.

दौत-टाक

@योता, उतरंडीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. म्हणूनच ग्वातेमालात बाहेरच्या विद्यार्थ्याला वेगळा हलका अभ्यासक्रम दिला नाही. ज्याचं शालेय शिक्षण जेवढं, त्या पातळीची पुस्तकं, पण पुढे चढत जायची वाट सगळ्यांना एकच. आपल्याकडे मात्र काही मंडळींनी प्रमाणपत्राचा कोर्स गावाला दिला आणि पुढचा जिना काढून घेतला. पदवीच्या पातळीवर गेलं की सगळं इंग्रजीत. तिथे आपला कंडक्टर थांबतो.

ग्रंथालयाचं म्हणाल तर अर्धं खरं. अहमदनगरच्या सेमिनरीत ना. वा. टिळक शिकवायचे, त्या काळापासून आपल्याकडे निवासी शिक्षणाची परंपरा आहे, आणि तिने चांगली माणसं दिली. यवतमाळला मोठी झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ ला पुण्यात आली. पुण्यासाठी चांगलं झालं. यवतमाळच्या बाजूच्या खेड्यातल्या वडिलाला ग्रंथालय तेवढं लांब गेलं.

झेंडूबार

म्हणजे धर्मांतर करायचं ट्रेनिंग आहे तर हे.

माळरान

माझे पणजोबा ख्रिस्ती झाले. मी बँकेत कर्जाचे अर्ज बघतो. आमच्या कंडक्टरकाकांना रविवारी वीस मिनिटं नीट बोलता यावं, एवढंच ट्रेनिंग आहे.

संपादक मंडळ

विषय सोडून आलेले तीन प्रतिसाद उडवले आहेत. शिक्षणावर बोला.

वसईकर

आमच्या कॅथोलिक बाजूचं थोडं. वसईत धर्मगुरूंची तशी ददात नाही, म्हणून तुमची अडचण आम्हाला उशिरा कळते. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर प्रापंचिकांना शिकवायचं वारं आलं, आणि १९६७ ला पोप सहावे पॉल यांनी कायमस्वरूपी डीकनपदाची (धर्मगुरूच्या खालचं दीक्षेचं पद) वाट पुन्हा मोकळी केली. लग्न झालेला, नोकरी करणारा माणूस ते होऊ शकतो. मुंबईच्या आर्चडायोसिसमध्ये असे डीकन आहेत. बाप्तिस्मा देतात, लग्न लावतात, प्रवचन करतात. मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची उपासना, मात्र धर्मगुरूच. तुमच्याकडे वडिलांना शिकवून झाल्यावर अधिकार काय देणार? ते आधी ठरवा. शिकलेल्या माणसाला जुन्याच कामावर ठेवलं की तो एक तर निघून जातो, नाहीतर स्वतःची मंडळी काढतो.

कोपरखळी

आणि नावापुढे डॉक्टर लावतो.

अवांतर

वाचतोय. एक शंका: पौलाची पत्रं हेच मुळात दूरस्थ शिक्षण नव्हतं का? हे मी कुठेतरी ऐकलंय.

दौत-टाक

दूरस्थ कोर्सची जाहिरात करणारे सगळे हेच म्हणतात, आणि अर्धवट म्हणतात. पौल करिंथात दीड वर्ष राहिला. इफिसात तुरन्नाच्या पाठशाळेत दोन वर्षं रोज चर्चा केली. पत्रं गेली ती आधी सोबत राहिलेल्या लोकांना. रोमकरांना तो भेटला नव्हता हे खरं, पण त्या पत्राच्या शेवटी ओळखीच्या माणसांची केवढी यादी आहे बघा, आणि पत्राबरोबर शिफारस करून पाठवली किंख्रियाची फिबी. करिंथकरांना तर लिहितो की मी तीमथ्याला पाठवलंय, तो तुम्हाला माझ्या रीतीची आठवण करून देईल. म्हणजे पत्र होतंच, शिवाय ते समजावणारा माणूसही होता.

बायबलातल्याच अपुल्लो या उपदेशकाचं उदाहरण त्याहून जवळचं. वक्ता फर्डा, शास्त्रात तरबेज, पण एका बाबतीत कच्चा. प्रिस्किल्ला आणि अक्विला या तंबू शिवणाऱ्या नवराबायकोने त्याला सभेत खोडून काढलं नाही. बाजूला घेतलं आणि नीट समजावलं. यूट्यूबवाल्या उपदेशकाशी कसं वागायचं ते यात आलं.

ऊसफड

बीडचा आहे. तुम्ही लोक बुधवार, रविवार म्हणताय. आमच्याकडे दसरा-दिवाळी झाली की निम्मी मंडळी गाडीत बसून ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक. कोयता घेतलेल्यांत आमचे दोन वडील पण असतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, अभ्यास आहे म्हणून थांबता येत नाही. परत येणार ते पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलात. त्यांच्या नावाने भरलेला कोर्स दोनदा बुडाला. संस्थेचं पत्र आलं, मुदत संपली, फी परत नाही.

मग आम्ही उलटं केलं. गटाची बैठक पावसाळ्यात, गावात, आठवड्याला. थंडीत पुस्तक बंद, फोन चालू. वडील फडावर जिथे कोप्या टाकल्यात तिथे टोळीतल्या लोकांना घेऊन रात्री प्रार्थना करतात. कुणाचं लेकरू आजारी, कुणाचं मुकादमाशी भांडण, नवरा दारू पिऊन मारतो, असले प्रश्न तिथेच निघतात. ते आम्हाला फोनवर सांगतात, पाळकसाहेब व्हॉइस मेसेज पाठवतात. एप्रिलात परत आले की पहिल्या बैठकीत पुस्तक काढत नाही. फडावर काय झालं तेच आधी. त्यातून कुठला धडा आधी घ्यायचा ते ठरतं. एका वर्षी आमचा हिशेबाचा धडा होता आणि त्यांना पाहिजे होतं बाईला मार बसत असेल तर वडिलाने काय करायचं. तेच घेतलं. पाळकसाहेबांनी पोलीस पाटलाला पण बोलावलं होतं.

प्रमाणपत्र अजून कुणालाच मिळालं नाही. मंडळी चालू आहे.

योता

@ऊसफड, माझा एक मुद्दा मी मागे घेत नाही, पण तुमच्या गटात बसायला आवडेल.

माळरान

सगळ्यांचे आभार. ऊसफड आणि पाटपाणी यांचे प्रतिसाद छापून कमिटीत वाचणार आहे.

एक व्यवहाराचा प्रश्न राहतो. गटचालक कोण? आमचे पाळकसाहेब तयार आहेत, पण खरं सांगू का, साहेब बसले की ती बैठक राहत नाही, उपदेश होतो. वडील मान डोलावतात. दोनदा बसून बघितलं. माणूस चांगला, पण प्रश्न विचारून उत्तराची वाट बघणं त्यांच्या रक्तात नाही. तुमच्याकडे ज्या बाई होत्या @पाटपाणी, त्यांना कुणी शिकवलं होतं?

पाटपाणी

त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होत्या, निवृत्त. कोर्स देणाऱ्या संस्थेने गटचालकांसाठी शिबिर घेतलं होतं, तिथे त्यांच्याकडून एकच गोष्ट घोकून घेतली म्हणे: प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत अंक मोजा, मगच बोला. त्या खरंच मोजायच्या, ओठ हलताना दिसायचे.

तुमच्या अंगणवाडीताईंनाच गटचालक करा की. रोज चाळीस पोरांना बोलतं करणारी बाई आहे ती. पाळकसाहेब महिन्याला येतात त्या दिवशी त्यांना गटात श्रोता म्हणून बसवा, आणि अडलेले प्रश्न लिहून ठेवा, ते त्यांनी सोडवायचे.

दौत-टाक

अगदी बरोबर. आणि माळरान, फीचे पैसे तुम्ही काढलेच आहेत, त्यातून शिबिराचं भाडं आणि ताईंचा एसटीचा पास बसवा. मंजूर होईल, कारण रक्कम तीच राहते. कोर्स मागवताना एकाच गावाचा मागवू नका, शेजारच्या दोन मंडळ्या जोडून घ्या, म्हणजे गटात योता म्हणतात तशी चूक पकडणारी चार वेगळी माणसं येतील.

माळरान

साहेबांना श्रोता म्हणून बसवायचं काम माझ्याकडे आलं म्हणायचं. पुढच्या कमिटीनंतर कळवतो. ताईंना संध्याकाळी विचारलं, त्या म्हणाल्या पोषण आहाराची माहिती भरून झाली की सांगते.